तिथीचं पान

त्र्यंबकेश्वरला कुणाच्या ना कुणाच्या वडिलांची तिथी नाही, असा दिवस उजाडत नाही. कुशावर्तावर स्नान होतं, पिंड वाहिले जातात, तीर्थोपाध्याय जुनी वही उघडून यजमानाच्या आजोबा-पणजोबांची नावं वाचून दाखवतात आणि खाली नव्या पिढीची नोंद करून घेतात. मग प्रश्न उरतो जेवणाचा. पानावर कोणाला बसवायचं? त्याचं एक जुनं उत्तर म्हणजे पाठशाळेतले बटू. गेलेल्या माणसाच्या नावानं, वर्षातून एका ठरलेल्या दिवशी, शिकणाऱ्या मुलाला जेवू घालायचं.

अमेरिकेतली कॉलेजं हेच काम गोल्फ खेळून करतात. दिवंगत प्राध्यापकाच्या किंवा माजी विद्यार्थ्याच्या नावानं वर्षातला एक दिवस ठरतो. चौघाचौघांचे संघ पैसे भरून खेळायला येतात, एकेका होलपाशी देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, खेळ संपला की जेवण आणि बक्षिसं, आणि उरलेली रक्कम शिष्यवृत्त्यांना. मला यात श्राद्धाचे सगळे अवयव दिसतात: नाव, दिवस, पंगत, दान. फरक एवढाच, की तिथे दाता स्वतः खेळतो आणि जेवतो. आपल्याकडे तो पंगतीत वाढत फिरतो.

गोल्फशी नाशिकची ओळख नाही असं नाही. शहरातल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून ‘गोल्फ क्लब’ म्हणतात. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशकात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या कोवळ्या विद्यार्थ्याचं नाव मैदानाला मिळालं, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना जिभेवर साहेबाचा खेळच येतो. विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी मात्र आपल्याकडे गोल्फची गरज पडली नाही. त्या रिवाजाचं कूळ निराळं आहे.

त्याचा मूळपुरुष म्हणजे वार. परगावाहून शिकायला आलेला मुलगा सात घरं गाठायचा. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी लेल्यांकडे. ज्याचा वार लागला नाही त्यानं झोळी घेऊन माधुकरी मागायची. घरातल्या बाईला यात वेगळा खर्च वाटत नसे, पिठात आणखी एक मूठ पडायची इतकंच. मुलाच्या वाट्याला अन्नाबरोबर ओशाळलेपणही यायचं. एखाद्या घरी पाहुणे आले किंवा सोयर-सुतक पडलं की तो वार रिकामा, आणि त्या दिवशी पाण्यावर भागवायचं. 1909 साली पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुलंही आरंभी माधुकरी मागत. तीच संस्था पुढे पुणे विद्यार्थी गृह झाली.

पण वार लागायला आधी जात लागायची. ब्राह्मणाचा मुलगा दारात उभा राहू शकत होता. कुणब्याच्या, महाराच्या मुलाला ते दारच नव्हतं. म्हणून शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात जातवार वसतिगृहं उभी केली आणि नाशकात उदोजी मराठा बोर्डिंग निघालं. भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे घरोघरची मूठ-मूठ धान्य गोळा करणारा मुष्टिफंड चालवला. माझ्या मते मुष्टिफंड ही माधुकरीचीच सुधारलेली आवृत्ती. झोळी संस्थेच्या खांद्यावर गेली आणि मुलाची मान मोकळी झाली.

कुळाची दुसरी शाखा सरकारी आहे. सेनापती दाभाडे तळेगावात श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत. 1731 साली पेशव्यांशी झालेल्या डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि तो सोहळा पेशव्यांकडे, पुण्यात आला. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा, म्हणजे दक्षिणा वाटण्याचं बंदिस्त आवार, उभा राहिला. त्र्यंबकेश्वरचं आजचं देऊळ बांधवणाऱ्या नानासाहेब पेशव्यांच्या काळात हा खर्च लाखांच्या घरात गेला. पेशव्यांचं राज्य बुडाल्यावर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनला दक्षिणा एकदम तोडण्याचं धाडस झालं नाही. त्याच पैशातून 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीच पुढे डेक्कन कॉलेजच्या वंशावळीत गेली. 1849 मध्ये लोकहितवादी आणि मंडळींनी अर्ज केला, की या फंडातला पैसा मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या, मग तो कुठल्याही जातीचा असो. शहरात गहजब झाला. अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. पुढे याच फंडातून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले, आणि त्यांत रानडे होते, भांडारकर होते. श्रावणातल्या ओंजळीचा असा महिन्याचा पगार झाला.

तिसरी शाखा स्मारकांची. नाना शंकरशेट 1865 साली गेले; त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याचं भूषण ठरली. 1912 साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. नंतरच्या पिढ्यांत ही शिष्यवृत्ती रुपयांपेक्षा नावासाठीच जास्त हवीशी वाटली.

सगळ्यांना असं नाव लाभत नाही. साध्या घरातल्या माणसानं मग जो मार्ग धरला तो म्हणजे कायम तिथी. संस्थेत एकदा ठेव ठेवायची, पावती घ्यायची, आणि दरवर्षी त्या तिथीला व्याजातून मुलांना जेवण. भोजनगृहाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी लागते: कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, ज्येष्ठ वद्य पंचमी. मठ, पाठशाळा, आश्रमशाळा, वसतिगृहं, सगळीकडे या पाट्या आहेत.

या हिशेबात एक मेख आहे. समजा जुन्या काळी कुणी 1,001 रुपये ठेवले आणि दहा टक्क्यांनी शंभर रुपये व्याज आलं. त्या काळी तेवढ्यात अख्खी पंगत उठली असेल. आज साडेसहा टक्के धरले तर पासष्ट रुपये येतात. त्यात एक पान वाढणंही अवघड. पाटी मात्र ‘कायम’ म्हणते. मग व्यवस्थापक दहा तिथ्या एकत्र करतो, नाहीतर गोडाच्या जागी केळं ठेवतो. वाराचं तसं नव्हतं. ज्वारी महागली तरी मंगळवारची भाकरी भाकरीएवढीच राहायची. गोल्फवालेही या फासातून सुटतात, कारण दरवर्षी नव्यानं माणसं जमवायची आणि नव्यानं पैसे मागायचे. आपण धान्याचा पैसा केला आणि पैशाची ठेव केली, तिथे दात्याला वर्षाला एकदा यायची गरजच उरली नाही. पाटीवरचं नाव कोणाचं, हे विचारणारंही मग कुणी येत नाही.

अलीकडे वारा पुन्हा उलटा फिरतो आहे. सरकारी शाळांच्या पोषण आहारात गुजरातकडून ‘तिथी भोजन’ आलं. महाराष्ट्रात त्याला स्नेहभोजन म्हणतात. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस किंवा पुण्यतिथीला गावातल्या कुणीही मुलांना जेवण द्यावं, एखादा गोड पदार्थ द्यावा, जमलं तर भांडीही द्यावीत, आणि ते रोजच्या सरकारी जेवणाला जोड म्हणून. ठेव नाही, पाटी नाही. दाता त्या दिवशी शाळेत स्वतः येतो, पंगतीत वाढतो. बहुतेक जण पोराच्या वाढदिवसालाच येतात, बापाच्या तिथीला कमी. मुलांची त्याबद्दल तक्रार नसते; जिलबी दोन्ही दिवशी तितकीच गोड.