बर्फ का तरंगतो? गॅलिलिओचं भांडण

१६११ साली फ्लॉरेन्समध्ये एक वाद पेटला: बर्फ पाण्यावर का तरंगतो? ॲरिस्टॉटलला मानणारे पंडित म्हणाले, पसरट असतो म्हणून. गॅलिलिओ म्हणाला, आकार कसाही असू दे, बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणून.

मग विरोधकांनी आबनूस हे जड काळं लाकूड आणलं. गोळा बुडाला, पातळ चकती मात्र तरंगली! झाली ना पंचाईत?

गॅलिलिओचं उत्तर मला फार आवडतं: चकती आधी पूर्ण भिजवा. भिजलेली चकती सरळ तळाला जाते. कोरडीला पाण्याचा पृष्ठताण धरून ठेवतो, हे आपल्याला आज माहीत आहे. १६१२ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं, तेही लॅटिन सोडून इटालियनमध्ये. अडचणीचा प्रयोग त्याने टाळला नाही, पुन्हा करून पाहिला. विज्ञान शिकायचं ते असं!