सांगणारा आणि लिहिणारा : व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांच्या चरित्राच्या निमित्ताने

जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम. दासबोध समर्थांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी संप्रदायाची परंपरा आहे. ज्ञानेश्वरीचे लेखनिक सच्चिदानंदबाबा यांचा उल्लेख तर ग्रंथाच्या अखेरीसच आला आहे. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही श्रमविभागणी आपल्या वाङ्मयाला अपरिचित नाही. लिहिणाऱ्याचे नाव सांगणाऱ्याच्या नावाशेजारी जपण्याची रीतही अपरिचित नाही. संगीताच्या इतिहासाने ही रीत पाळली आहे काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे. त्यासाठी गोमंतकीय व्हायोलिनवादक अँथनी प्रभू गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे चरित्र निवडले आहे. या चरित्राचे वैशिष्ट्य नीट ध्यानी यावे म्हणून आधी यानोश बिहारी या हंगेरीतील रोमा वादकाची हकीकत थोडक्यात पाहणे इष्ट होईल.

रोमा म्हणजे युरोपात ज्यांना ‘जिप्सी’ म्हटले गेले तो समाज. त्यांच्या भाषेचा भारतीय भाषांशी असलेला संबंध ऱ्यूडिगर यांनी १७८२ मध्ये दाखविला आणि ती मूळची मध्यवर्ती भारतीय-आर्य शाखेतील असल्याचे प्रतिपादन टर्नर यांनी १९२६ मध्ये केले. ‘कन’ म्हणजे कान, ‘नख’ म्हणजे नाक, ‘पानी’ म्हणजे पाणी, हे शब्द मराठी वाचकाला फोडून सांगावयास नकोत. ‘रोम’ हे नाव संस्कृत ‘डोम्ब’ या शब्दाशी जोडले जाते; आणि गायनवादनावर निर्वाह करणारी जात हा अर्थ त्या संस्कृत शब्दात आहेच. बिहारीचा जन्म १७६४ चा. पेस्ट नगरात त्याने स्वतःचा ताफा उभारला आणि १८१४ मध्ये व्हिएन्ना परिषदेच्या काळात युरोपातील राजेरजवाड्यांपुढे वादन केले. मात्र त्याला स्वरलेखन येत नव्हते. त्याच्या रचना इतरांनी कागदावर उतरविल्या, आणि आज त्या आपल्याला भेटतात त्या इतरांच्या लेखणीतून. १८२४ मध्ये एका अपघातात त्याचा हात दुखावला. १८२७ मध्ये तो दारिद्र्यातच वारला. लिस्टने बालपणी त्याचे वादन ऐकले होते व पुढे १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्याचा गौरव केला. बिहारीचे नाव टिकले. अक्षर मात्र त्याचे नव्हते.

गोन्साल्विस यांच्या बाबतीत हे समीकरण नेमके उलटे झाले. सासष्टीतील माजोर्डा या गावी त्यांचा जन्म झाला. वडील गावच्या चर्चमध्ये गायनवृंदाचे गुरू होते. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरलिपीचे वाचन आणि व्हायोलिन शिकविले जाई. शेतकऱ्याच्या किंवा खलाशाच्या मुलालाही त्यामुळे संगीतातली साक्षरता लाभे. पण त्या साक्षरतेला गावात बाजार नव्हता. मुंबई, कलकत्ता, कराची येथील हॉटेले, पलटणींचे बँड आणि मूकपटांची चित्रगृहे यांनी तो पुरविला. अँथनी हे ‘प्रभू गोन्साल्विस’. हे दुहेरी आडनावच धर्मांतरापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन थर एकत्र दाखविते, आणि त्यांच्या संगीताविषयीही असेच म्हणता येईल.

१९४३ मध्ये ते मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते वाद्यसंयोजनाकडे वळले. या कामाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल बसवी किंवा गाऊन दाखवी. ती ऐकून संयोजक प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र पान लिही : व्हायोलिनांनी कोठे उचलावे, चेलोने कोणता आधारस्वर धरावा, दोन कडव्यांमधील मोकळी जागा कोणत्या वाद्यांनी भरावी. एकस्वरी परंपरेतील चाल अशा रीतीने अनेकस्वरी रचनेत जाऊन बसे. हे काम केवळ लेखनिकाचे नव्हते. भाषांतरकार जसा दुसऱ्या भाषेची वाक्यरचना नव्याने घडवितो, तसेच ते होते. परंतु श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून दिग्दर्शकाचे नाव येई. संयोजकाचे नाव क्वचितच, आणि आले तर ‘साहाय्यक’ म्हणून. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांसारख्या इतर गोमंतकीय संयोजकांचीही स्थिती फारशी निराळी नव्हती. ध्वनिमुद्रण संपले की लिहिलेल्या पानांची गरजही संपे.

गोन्साल्विस यांचे वेगळेपण असे की, त्यांनी ही चौकट स्वतः ओलांडून पाहिली. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायिले. सारंग रागावरील कन्सर्टो, ‘सोनातिना इंडियाना’ अशा त्यांच्या रचनांची नावेच त्यांचा हेतू सांगतात. राग हा पाश्चात्त्य वाद्यवृंदावर चढविलेला अलंकार न राहता रचनेचा पाया व्हावा, आणि लिहिणाऱ्याने कर्ता म्हणून पुढे यावे, असा तो हेतू होता. १९६५ मध्ये ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर त्यांनी चित्रपटव्यवसायाकडे पाठ फिरविली आणि माजोर्ड्यास वास्तव्य केले. १८ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल शर्मा पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील संगीतकार झाले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गीतात गुरूचे संपूर्ण नाव आले, ते प्यारेलाल यांच्या गुरुभक्तीमुळे. देशभर ते नाव तोंडोतोंडी झाले. मात्र ऐकणाऱ्यांना ते एका विनोदी पात्राचे नाव वाटले. ज्याची अक्षरे निनावी राहिली त्याचे नाव गाजले, तेही त्याच्या अक्षरांपासून तुटून.

बिहारीजवळ लिपी नव्हती, म्हणून त्याचे संगीत दुसऱ्यांच्या हाती गेले, असे म्हणणे सोपे आहे. गोन्साल्विस यांच्याजवळ लिपी होती, तरीही कर्तृत्व दुसऱ्यांच्या नावे नोंदले गेले. तेव्हा साक्षरतेने श्रेय आपोआप मिळते, हा समज सोडून द्यावा लागतो. श्रेय मिळते ते व्यवसायाच्या रचनेतून, कोणाचे काम ‘निर्मिती’ आणि कोणाचे ‘मजुरी’ मानले जाते यावरून. ग्रेगरी बूथ यांच्या २००८ मधील ग्रंथाने मुंबईच्या चित्रपटवादकांच्या मुलाखतींतून हा इतिहास पुष्कळ उजेडात आणला. मराठवाड्यातील अभ्यासकाला त्यातून घेण्यासारखा धडा आहे. आपल्या भागातील सनई, संबळ, हलगी वाजविणाऱ्यांजवळ ना लिपी आहे, ना श्रेयनामावली. लोकगीतांचे संकलन करताना गीताचा पाठ आपण काळजीने उतरवितो, आणि वादकाचे नाव सोडून देतो. संकलनाच्या प्रत्येक नोंदीत वादकाचे नाव, गाव आणि त्याने विद्या कोणाकडून घेतली हे लिहिले जावे. कल्याणस्वामींचे नाव जपणाऱ्या परंपरेला एवढे अवघड वाटू नये.