पानावरची रुपेरी रेघ

स्नोड्रॉप म्हटले की इंग्लंडमध्ये कुणालाही फेब्रुवारी आठवतो. थंडीचा कडाका अजून ओसरलेला नसतो, झाडे उघडी असतात, आणि जमिनीतून वितीएवढ्या दांड्यांवर खाली माना घातलेली पांढरी फुले वर येतात. बाहेरच्या तीन पाकळ्या मोठ्या, आतल्या तीन आखूड, त्यांच्या टोकाशी हिरवा ठिपका. १७५३ मध्ये लिनियसने या वनस्पतीचे नाव ठेवले गॅलँथस निव्हालिस. ग्रीक भाषेत दुधाचे फूल आणि लॅटिनमध्ये बर्फाचे! म्हणजे ऋतू नावातच गोवला गेला. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऐन ऑक्टोबरात, एकही पान नसताना फुलणारा स्नोड्रॉप बागांमध्ये येऊ लागला, तेव्हा ज्याच्या हाती तो पडला त्याला ती नवीच जात वाटली यात नवल नाही.

मी वनस्पतिशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडच्या दक्षिण भागात आलो, इथेच राहिलो, आणि दिवाळीच्या दिवसांत परसात एखादे पांढरे फूल असावे एवढ्याच हौसेने शरदात फुलणाऱ्या स्नोड्रॉपचे कंद लावले. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या विशीत येते, कधी नोव्हेंबरच्या मध्याला. या फुलांचा हंगाम दोन्ही टोके सांभाळतो. पुढे शेजारी शेजारी लावलेल्या कुंड्या पाहताना प्रश्न पडू लागले, आणि प्रश्नांमागे जाता जाता जुनी बागकामाची नियतकालिके वाचायची सवय लागली. हा लेख त्या वाचनातून आणि त्या कुंड्यांतून आलेला आहे.

या गोष्टीची सुरुवात ग्रीसमध्ये होते. थिओडोरोस ऑर्फानिडिस हे अथेन्स विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि ग्रीक वाचकांना कवी म्हणूनही ठाऊक होते. स्पार्टाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या टायगेटोस पर्वतावर त्यांना शरदात फुलणारा स्नोड्रॉप सापडला. १८७६ मध्ये त्यांनी त्याला नाव दिले गॅलँथस रेजिनी-ओल्गी, म्हणजे राणी ओल्गाचा. ही ओल्गा रशियाच्या राजघराण्यातली. १८६७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ग्रीसच्या राजाशी लग्न होऊन अथेन्सला आली होती. बर्फाच्या देशातून उन्हाच्या देशात आलेल्या मुलीला बर्फाचे फूल द्यावे, यात कवीचा हात मला दिसतो. पण हा माझा तर्क आहे, तो तेवढाच धरावा.

याच सुमारास बकिंगहॅमशरमधले एक धर्मोपदेशक, हेन्री हार्पर-क्रू, यांच्याकडे लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांच्यामार्फत अल्बानियाहून काही कंद आले. ते ऑक्टोबरात फुलले. नाव पडले ऑक्टोब्रेन्सिस. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले ग्रीक विद्येचे पंडित महाफी (ऑस्कर वाइल्डचे शिक्षक) १८८४ मध्ये अथेन्सजवळच्या हायमेटस डोंगरावरून कंद घेऊन आले. कॉलेजच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख बर्बिज यांनी ते वाढवले आणि महाफींच्या मुलीवरून राकेली हे नाव दिले. मग माउंट अथॉसहून आणखी कंद आले. तेव्हा दुसऱ्या मुलीवरून एल्सी. कॉर्फू बेटावरचे रोप त्या बेटाच्या जुन्या नावावरून कॉर्सिरेन्सिस झाले. पंचवीस वर्षांच्या आत पाच नावे. राणी, महिना, दोन लेकी आणि एक बेट.

या नामकरणाला हसणे सोपे आहे. पण प्रत्येकाच्या हाती काय होते ते पाहावे: मूठभर कंद, एकाच डोंगरावरचे. सगळे प्रकार एका वाफ्यात लावून पाहण्याची सोय कुणालाच नव्हती. १९०४ मध्ये गॉटलीब-टानेनहाइन या अभ्यासकाने स्नोड्रॉपचे सगळे प्रकार नव्याने तपासले आणि राणी ओल्गाच्या रोपाला थेट निव्हालिसची उपजात ठरवून टाकले. त्यानंतर १९५६ मध्ये सर फ्रेडरिक स्टर्न यांचे स्नोड्रॉपवरचे पुस्तक आले. त्यात ओल्गाला पुन्हा स्वतंत्र जातीचा मान मिळाला, पण कॉर्फूचे रोपही वेगळी जात म्हणून उभे राहिले. कारण असे की ओल्गाचे फूल पानांआधी येते आणि कॉर्फूच्या फुलाबरोबर पाने डोकावतात.

स्टर्न यांनी ससेक्समध्ये खडूच्या खाणीत बाग फुलवली होती. त्याच पुस्तकात बागेतल्या प्रकारांवर प्रकरण लिहिणारे ई. ए. बोल्स यांनीही वनस्पतिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. एन्फील्डच्या घरी अख्खा जन्म बागेत घालवून ते शिकले. पुस्तक निघण्याच्या दोन वर्षे आधी ते वारले. स्नोड्रॉपचा इतिहास अशा हौशी माणसांनीच पुढे नेला आहे, आणि माझ्यासारख्याला त्याचे बरे वाटते हे लपवत नाही.

पानांचा हा मुद्दा बागेत फार लवकर डळमळतो. हा कंद भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हाळ्यात झोपतो आणि शरदातल्या पावसाची चाहूल लागली की जागा होतो. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर याच कुळातले पॅन्क्रॅशियम जूनच्या पहिल्या सरींबरोबर पांढरे फुलते. हिशेब तोच, फक्त पाऊस वेगळ्या महिन्यातला. म्हणून इथे हे कंद भिंतीच्या पायथ्याशी, ऊन लागेल आणि पाणी निचरून जाईल अशा जागी लावावे लागतात. माझ्याकडे एकाच मूळ कंदापासून फुटलेली दोन बेटे आहेत. भिंतीलगतचे बेट पानांशिवाय फुलते. झुडपाखालच्या सावलीतले दहा-बारा दिवस उशिरा फुलते, आणि तोवर पानांची टोके बोटभर वर आलेली असतात. स्टर्न यांची फूटपट्टी लावली तर माझ्या एकाच कंदाच्या दोन जाती होतील!

मग खूण कोणती धरायची? फूल ओसरल्यावर थांबायचे. नोव्हेंबर-डिसेंबरात पाने वाढतात, जानेवारीत पुरी होतात, आणि तेव्हा ओल्गाच्या गडद हिरव्या पानाच्या मधोमध लांबच लांब रुपेरी-राखी पट्टा दिसतो, बोटाने साय ओढल्यासारखा. हे पाहायला फुलांच्या प्रदर्शनाला कुणी बोलावत नाही. फूल पाहायला येणारे पाहुणे तोवर निघून गेलेले असतात.

या पट्ट्याचे मोल दोन वेगवेगळ्या शोधांनी पक्के केले. १९८२ मध्ये जॉर्जिया कामारी यांनी ग्रीसमधल्या स्नोड्रॉपचा अभ्यास करताना हिवाळ्याच्या अखेरीस, वसंताच्या तोंडाशी फुलणारी रोपे वेगळी काढली. पान मात्र अगदी ओल्गाचे, तोच पट्टा. त्यांनी त्या रोपांना ओल्गाचीच उपजात ठरवले, नाव व्हर्नालिस. तारीख बदलली, जात तीच राहिली. त्यानंतर १९९४ मध्ये एरन डेव्हिस आणि ख्रिस्तोफर ब्रिकेल यांनी नेमकी उलटी गोष्ट दाखवली. नैर्ऋत्य तुर्कस्तानात आणि समोरच्या कास्तेलोरिझो या ग्रीक बेटावर चुनखडीच्या कपारींत शरदात फुलणारा स्नोड्रॉप होता. लोक त्याला ओल्गाच समजत. पण त्याच्या पानावर तो ठसठशीत पट्टा नाही. पान अरुंद, बहुतेक एकाच रंगाचे. हसन पेश्मेन या तुर्की वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ त्याला पेश्मेनी हे नाव मिळाले. तारीख तीच, जात वेगळी.

दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या तर ऑक्टोबरात मलाही खात्रीने सांगता येत नाही कोणती कुठली. जानेवारीत शेजारचे पोरही सांगेल. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासाने हाच निकाल दिला: ओल्गाचे गोत्र निव्हालिसशी जुळते, तर पेश्मेनीचे तुर्कस्तानातल्या एल्वेसी आणि सिलिसिकस या जातींशी. म्हणजे शरदात फुलण्याची खोड या कुळाने किमान दोनदा, वेगवेगळ्या घरात, लावून घेतली असावी. जिथे उन्हाळा कोरडा आणि पहिला पाऊस शरदाचा, तिथे लवकर फुलण्यात फायदा आहे, इतके साधे ते कारण असेल.

आज ऑक्टोब्रेन्सिस, राकेली, एल्सी, कॉर्सिरेन्सिस ही चारही नावे ओल्गाच्या पोटात गेली आहेत. मला हा निकाल मान्य आहे, तरी एक गोष्ट खटकते. राकेली या नावाबरोबर हायमेटस, १८८४ आणि महाफी एवढा मजकूर कंदासोबत फिरत होता. नाव पुसले की बाग बदलताना तो मजकूरही गळतो, आणि वाफ्यात उरतो तो फक्त एक ‘ओल्गा’, कुठल्या डोंगरावरचा ते कुणालाच ठाऊक नसलेला. डोंगर ठाऊक नसलेल्या कंदाचा अभ्यासाला उपयोग निम्म्याने कमी. हे नुकसान आता भरून काढणेही कठीण, कारण डोंगरावर जाऊन कंद उपटून आणण्याचे दिवस संपले आणि ते संपले हे योग्यच झाले. तुर्कस्तानातून रानातले कंद इतक्या प्रमाणात बाहेर जाऊ लागले की १९९० मध्ये गॅलँथसच्या साऱ्या जाती साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालाव्या लागल्या. परवान्याशिवाय त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. म्हणून माझ्या कुंडीत दोन पाट्या असतात. एकीवर आजचे नाव, दुसरीवर कंद कोणाकडून आला आणि त्याच्याकडे कुठून आला.

या यादीतली अलीकडची भर २०१९ ची आहे. बुर्सा या तुर्की शहरातल्या बालरोगतज्ज्ञ यिल्दिझ कोन्जा यांनी फेसबुकवर टाकलेल्या सुट्टीच्या फोटोंत एक स्नोड्रॉप होता. युक्रेनमधले अभ्यासक दिमित्री झुबॉव यांना तो ओळखीतला वाटेना. दोघांनी डेव्हिस यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात त्याचे नाव गॅलँथस बुर्सानस असे ठेवले. तोही शरदात फुलतो. नाव मिळाले तेव्हाच ही जात नष्ट होण्याच्या काठावर असल्याचे नोंदवले गेले. तो माझ्याकडे नाही, आणि कुठे विकत मिळाला तर आधी दुसऱ्या पाटीवर काय लिहिले आहे ते मी विचारीन.