विशेष शिक्षकांचे ऑनलाइन प्रशिक्षण : बेंगळुरूची ‘सुबोधा’ आणि गणिताचा तास

बेंगळुरू : ब्रेल लिपीत साधा अपूर्णांक लिहायचा झाला, तरी आकड्यांखेरीज तीन खुणा लागतात. अपूर्णांक सुरू झाल्याची एक, अंश आणि छेद यांच्यामधील रेषेची दुसरी आणि अपूर्णांक संपल्याची तिसरी. गणितासाठी भारतातही वापरल्या जाणाऱ्या नेमेथ पद्धतीत यांपैकी तिसरी खूण आणि ‘पुढे अंक येत आहे’ हे सांगणारी नेहमीची खूण, या दोन्हींचे ठिपके एकच असतात. शिवाय या पद्धतीत अंक सहा ठिपक्यांच्या चौकटीत एक ओळ खाली उतरवून लिहिले जातात. भाषेच्या पुस्तकातील अंक मात्र वरच्या ओळींतच राहतात. हे ज्या शिक्षकाला कोणी शिकवलेले नाही, त्याला विद्यार्थ्याने लिहिलेले बरोबर उत्तरही चूक वाटू शकते.

अनेक शिक्षण मंडळांनी दृष्टिहीन विद्यार्थ्यांना गणिताऐवजी पर्यायी विषय घेण्याची मुभा दिली आहे. ही सवलत सहानुभूतीपोटी दिलेली असली, तरी गणित सुटले की विज्ञान, संगणकशास्त्र आणि वाणिज्य शाखेतील अनेक वाटाही शाळेतच बंद होतात. ही वाट न सोडणाऱ्यांपैकी एक म्हणजे बेंगळुरूनजीकच्या ग्रामीण भागात वाढलेल्या विद्या वाय. जन्मतः दृष्टिहीन असलेल्या विद्या यांनी गणिताचा पाठपुरावा केला आणि पुढे बेंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतून ‘डिजिटल सोसायटी’ या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले. सुप्रिया डे आणि याच संस्थेतील प्राध्यापक अमित प्रकाश यांच्यासमवेत त्यांनी २०१७ मध्ये ‘व्हिजन एम्पॉवर’ ही ना-नफा संस्था स्थापन केली. दृष्टिहीन मुलांपर्यंत गणित व विज्ञान पोहोचवायचे, तर आधी त्यांच्या शिक्षकांपर्यंत पोहोचले पाहिजे, या धारणेवर संस्थेच्या कामाचा भर आहे.

त्यातूनच ‘सुबोधा’ हा शिक्षकांसाठीचा ऑनलाइन अध्ययन मंच उभा राहिला. त्याचे वेगळेपण अभ्यासक्रमाइतकेच त्याच्या बांधणीत आहे. अंधशाळांमध्ये शिकवणारे अनेक शिक्षक स्वतः दृष्टिहीन असतात, ही गोष्ट शिक्षक-प्रशिक्षणाच्या बहुतेक संकेतस्थळांनी गृहीतच धरलेली नसते. पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे जोडून केलेली फाइल स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. बटणाला नाव दिलेले नसेल, तर कानांना केवळ ‘बटण’ एवढेच ऐकू येते. चित्रफितीत शिक्षक ‘ही आकृती पाहा’ म्हणून थांबतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. दृष्टिहीनांना कसे शिकवावे हे सांगणारा पाठच दृष्टिहीन शिक्षकाला बंद असावा, यातील विसंगती सांगण्याची गरज नाही. ‘सुबोधा’ची रचना म्हणूनच सुरुवातीपासून स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना गृहीत धरून करण्यात आली.

विशेष शिक्षकांसाठी सातत्यपूर्ण प्रशिक्षण हा ऐच्छिक विषय नाही. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज या क्षेत्रात व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. कायद्यात त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. नोंदणीचे ठराविक मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण कार्यक्रमांतून गुण मिळवावे लागतात. पूर्वी त्याचा अर्थ रजा काढून, प्रवास करून दूरच्या शहरातील कार्यशाळेला बसणे असाच होता. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत असे कार्यक्रम ऑनलाइन घेण्यास परिषदेने परवानगी दिली आणि तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या शिक्षकाची मोठी अडचण दूर झाली. मात्र कॅमेरा बंद ठेवून केवळ गुणांसाठी हजेरी लावण्याची सोयही त्याच वाटेने आली, हे नाकारता येत नाही.

सर्वसाधारण शाळांतील शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा एक धागाही याच शहरात येऊन मिळतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू केलेला ‘दीक्षा’ हा मंच बेंगळुरूच्या एकस्टेप फाउंडेशनने विकसित केलेल्या ‘सनबर्ड’ या मुक्त सॉफ्टवेअरवर उभा आहे. ‘निष्ठा’ प्रशिक्षण ऑक्टोबर २०२० पासून त्यावर ऑनलाइन उपलब्ध झाले आणि त्यात समावेशक वर्गावरील पाठाचा समावेश आहे. वर्गात विशेष गरजा असलेले मूल ओळखण्यापुरता तो उपयोगी आहे. नेमेथ पद्धत किंवा सांकेतिक भाषा शिकण्यासाठी तो पुरणार नाही आणि तो त्याचा हेतूही नव्हे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या प्रकारांची संख्या सातवरून २१ केली. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांनाही त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. याचा शिक्षकांच्या दृष्टीने अर्थ असा, की वीस वर्षांपूर्वी एका दिव्यांगत्वाची पदविका घेतलेल्या शिक्षकासमोर आज त्याने कधी न अभ्यासलेल्या गरजांचे मूल बसलेले असते. नवी पदवी घेण्यासाठी नोकरी सोडणे त्याला शक्य नसते.

ऑनलाइन माध्यमाच्या मर्यादाही याच ठिकाणी दिसतात. ब्रेल पाटीवर शलाकेने उजवीकडून डावीकडे, म्हणजे आरशातल्याप्रमाणे उलटे लिहायचे असते. टेलर फ्रेममधील अष्टकोनी भोकांत खिळे कोणत्या दिशेला वळवून बसवायचे, हे बोटांनीच शिकावे लागते. उठावदार आकृती स्पर्शाने वाचताना विद्यार्थ्याचा हात कोठून सुरू करावा, हे पडद्यावर सांगता येते, पण हात धरून दाखवता येत नाही. त्यामुळे सिद्धान्त आणि पाठाची आखणी ऑनलाइन, तर हाताचे काम प्रत्यक्ष शिबिरात, अशी विभागणी अधिक व्यवहार्य ठरते. भाषेचा प्रश्नही आहेच. गणिताच्या खुणा सर्वत्र सारख्या असल्या, तरी त्यांचे स्पष्टीकरण शिक्षकाला कन्नड, मराठी किंवा तमिळमध्येच हवे असते आणि विशेष शिक्षणाचे सखोल साहित्य अजूनही मुख्यतः इंग्रजीत आढळते.

शिक्षकांच्या संख्येचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात रजनीश कुमार पांडे खटल्यातून पुढे आला. २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे आणि त्यापुढील स्तरावर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. सर्वसाधारण शाळांतील इतर शिक्षकांनाही सक्तीचे प्रशिक्षण द्यावे, असे नमूद केले. पदे निश्चित करून भरती सुरू करण्याचे निर्देश न्यायालयाने ७ मार्च २०२५ रोजी राज्यांना दिले. नियुक्ती पुनर्वसन परिषदेची पात्रता असलेल्यांचीच व्हावी, ही अट त्यात आहे.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. केंद्रस्तर म्हणजे एका शिक्षकाकडे परिसरातील अनेक शाळा. एका शाळेत त्याला कर्णबधिर मूल भेटेल, दुसऱ्या शाळेत स्वमग्न आणि तिसऱ्या शाळेत अपूर्णांकाच्या तासाला बसलेली दृष्टिहीन मुलगी.