मोडलेले हाड आणि बेडरेस्ट : दीडशे वर्षांचा वाद

हाड मोडले की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, किती दिवस झोपून राहायचं?" त्यामागे एक पक्की समजूत असते: आराम जितका जास्त, तितके हाड लवकर जुळणार. म्हणूनच ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आजीला उभे करायला आले की नातेवाईक घाबरतात. काही जण रागावतातही. "कालच रॉड टाकलाय आणि आज चालवताय?"

ही समजूत अगदीच निराधार नाही. एके काळी मोठमोठे सर्जन हेच सांगत होते. त्याच काळात दुसरे काही सर्जन नेमके उलट सांगत होते. आराम की हालचाल, हा वाद सुमारे दीडशे वर्षे चालला. तो कसा सुटला हे कळले, तर दुसऱ्या दिवशी उभे का करतात हेही कळेल.

सुश्रुतांचा मातीचा गोळा

मोडलेले हाड जागेवर आणायचे आणि हलू द्यायचे नाही, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेत हाडे मोडण्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. त्यांत झाडाच्या साली आणि बांबूच्या कामट्या लावून बांधायची पद्धत आहे. पट्टी सैल झाली तर हाड स्थिर राहत नाही आणि फार घट्ट झाली तर सूज व वेदना येतात, हा इशाराही आहे. आज प्लास्टर घातल्यावर "बोटं सुजली किंवा काळीनिळी पडली तर लगेच या" असे आम्ही सांगतो, तो याच जातीचा सल्ला.

पायाचे हाड मोडलेल्या रुग्णाला फळीवर झोपवून खुंट्यांच्या आधाराने पाय स्थिर ठेवायची पद्धतही तिथे दिली आहे. पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची सूचना तळहाताच्या फ्रॅक्चरबद्दलची आहे. हाड जुळल्यावर रुग्णाने हातात आधी मातीचा गोळा धरावा, मग सैंधव मिठाचा खडा आणि ताकद आल्यावर दगड. हळूहळू वजन वाढवत नेण्याचा हा व्यायाम आजच्या फिजिओथेरपिस्टलाही पटेल. म्हणजे आधी स्थिर ठेवणे आणि मग हालचाल, या दोन्ही गोष्टी आपल्याकडच्या जुन्या ग्रंथात होत्या. पुढे वाद झाला तो या 'मग'वर. हालचाल नेमकी केव्हा सुरू करायची?

लिव्हरपूलचे थॉमस : विश्रांती आणि फक्त विश्रांती

एकोणिसाव्या शतकात विश्रांतीचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते होते इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे डॉ. ह्यू ओवेन थॉमस. त्यांचे घराणे वेल्समधल्या हाडवैद्यांचे. वडिलांचाही हाच व्यवसाय होता, पण मुलांना त्यांनी रीतसर वैद्यकीय शिक्षण दिले. खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या आजारांवर थॉमस यांनी १८७५ मध्ये पुस्तक लिहिले. सांधा पूर्ण, अखंड आणि दीर्घकाळ विश्रांतीत ठेवा, हे त्यांचे सूत्र होते.

त्यांना आज हसण्याचे कारण नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांना सांध्यांचा टीबी असे. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, एक्स-रे नव्हता. टीबीचा सांधा हलवला तर वेदना आणि नुकसान वाढत असे. स्थिर ठेवला तर निदान काहींचा आजार शांत होई. त्या परिस्थितीत विश्रांती हेच हाताशी असलेले उत्तम औषध होते.

त्यांनी बनवलेली लोखंडी चौकट, 'थॉमस स्प्लिंट', पहिल्या महायुद्धात अनेकांचे प्राण वाचवून गेली. मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकाला स्ट्रेचरवरून नेताना हाडाची टोके आत हलत, रक्तस्राव वाढे. थॉमस यांचे भाचे डॉ. रॉबर्ट जोन्स यांनी ही स्प्लिंट लष्करात रुजवली. त्या वेळच्या लष्करी डॉक्टरांच्या आकड्यांनुसार, युद्धाच्या सुरुवातीला अशा १०० जखमींपैकी सुमारे ८० दगावत. युद्ध संपेपर्यंत हे प्रमाण २० च्या आसपास आले. जखमेची काळजी सुधारली हेही कारण होते, पण जागच्या जागी पाय स्थिर करण्याचा वाटा मोठा होता. ही स्प्लिंट आजही आपल्या अपघात विभागांत वापरात आहे.

पॅरिसचा विरोधी सूर

त्याच काळात पॅरिसमध्ये डॉ. ज्यूस्त ल्यूका-शांपिओनिएर वेगळेच सांगत होते. त्यांनी पाहिले, की महिनोन् महिने जखडून ठेवलेल्या हाताचे हाड जुळते, पण हात कामाचा राहत नाही. सांधे आखडतात आणि स्नायू सुकतात. फ्रॅक्चरवर मालीश आणि सौम्य हालचालींनी उपचार कसे करावेत, यावर त्यांनी १८९५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. हालचाल हेच जीवन, असे ते मानत.

बहुतेक सर्जनांना हे पटले नाही. एक्स-रेवर हाड जुळलेले दिसते. आखडलेला खांदा आणि गेलेली नोकरी एक्स-रेवर दिसत नाही.

शिवाय त्यांच्या पद्धतीला मर्यादा होती. मनगटाजवळच्या स्थिर फ्रॅक्चरमध्ये हलकी हालचाल ठीक, पण मांडीचे हाड दोन तुकडे होऊन सरकले असेल तर काय हलवणार? हाड घट्ट धरून ठेवायचे तर माणूस जखडतो आणि माणसाला मोकळे सोडायचे तर हाड सरकते. खरी अडचण ही होती.

पायाला वजन, पलंगाखाली विटा

डच लष्करी सर्जन आंटोनियस मथायसन यांनी १८५१-५२ च्या सुमारास प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी रूढ केली. हाता-पायाच्या अनेक फ्रॅक्चरसाठी ती वरदान ठरली. पण मांडीच्या हाडासाठी पायाला वजन लावून ओढ द्यायची आणि दोन-तीन महिने पडून राहायचे, हाच मार्ग उरे. पलंगाच्या पायथ्याखाली विटा आणि पायाला टांगलेले वजन हे दृश्य जुन्या वाचकांना आठवत असेल.

तरुण माणूस यातून बाहेर येई, गुडघा मात्र आखडलेला असे. म्हाताऱ्या माणसाचे हाड जुळण्याआधीच न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी किंवा बेडसोर त्याला गाठत. खुबा मोडला म्हणजे आता संपले, अशी जी भीती समाजात बसली, ती या काळातली आहे.

हाडाच्या आतला आधार

कोंडी फुटली ती आधार बाहेरून देण्याऐवजी आतून दिल्यावर. बोस्टनचे डॉ. स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या हाडासाठी तीन पात्यांचा खिळा वापरला आणि १९३१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जर्मनीत कील शहरात डॉ. गेरहार्ड क्युंटशर यांनी १९३९ मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब धातूचा रॉड घातला. युद्धाच्या धामधुमीत ही गोष्ट दोस्त राष्ट्रांच्या डॉक्टरांना कळली, ती जर्मनीतून परतलेल्या युद्धकैद्यांमुळे. मांडीचे हाड मोडलेले हे सैनिक चालत येत होते आणि एक्स-रेमध्ये हाडात रॉड दिसत होता.

स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली मॉरिस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एओ' हा गट स्थापन केला. प्लेट आणि स्क्रूने हाड नीट बसवा, घट्ट धरा आणि सांधा लवकरात लवकर हलवू लागा, ही त्यांची शिकवण. ऑपरेशन कशासाठी, याचे उत्तर त्यांनी स्पष्ट दिले: माणसाला हलता यावे म्हणून.

थॉमस हाडाबद्दल बोलत होते आणि ल्यूका-शांपिओनिएर माणसाबद्दल. मोडलेल्या हाडाला स्थिरता हवी, बाकी सगळ्या शरीराला हालचाल हवी. रॉड आणि प्लेटमुळे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य झाल्या.

पडून राहण्याचीच परीक्षा

इकडे फिजिशियन मंडळींनाही शंका येऊ लागली होती. लंडनचे डॉ. रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक गाजलेला लेख लिहिला. मग प्रयोग सुरू झाले.

अमेरिकेत डॅलस येथे १९६६ मध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले. त्यांची श्रम करण्याची क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयवाढीने जितकी क्षमता गेली होती, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी जास्त गेली होती.

कंबरदुखीत १९८६ च्या एका अभ्यासात दोन दिवसांची बेडरेस्ट सात दिवसांइतकीच उपयोगी ठरली आणि दोन दिवसवाले कामावर लवकर परतले. हेलसिंकीत १९९५ मध्ये तर झेपेल तशी रोजची कामे करत राहिलेले रुग्ण सर्वांत लवकर बरे झाले. पुढे १९९९ मध्ये वेगवेगळ्या १५ आजारांतल्या ३९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. बेडरेस्टमुळे ठळक फायदा एकाही बाबतीत दिसला नाही. काही बाबतींत नुकसान दिसले.

असे का होते? हाड ही जिवंत वस्तू आहे. त्यावर जसा भार पडतो तसे ते घडते, हे जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. भार नसलेल्या अवकाशात अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड दर महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का घटते. अंथरुणात पडलेल्या माणसाच्या पायांवरचा भारही असाच नाहीसा होतो. शिवाय स्नायू घटतात, फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो, पायांतले रक्त संथ होते.

आजीच्या खुब्याचे काय?

हा सगळा इतिहास जिथे जीवन-मरणाचा होतो, ती जागा म्हणजे म्हातारपणी मोडलेला खुबा. आजही असे फ्रॅक्चर झालेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतला एक किंवा त्याहून जास्त जण वर्षभरात दगावतात. त्यात हृदय, फुप्फुसे, कुपोषण यांचा वाटा असतोच. पण पडून राहिल्याने त्यात भर पडते, आणि ती भर आपल्याला कमी करता येते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हिप अटॅक' या अभ्यासात भारतासह १७ देशांतले २९७० रुग्ण होते. निदानानंतर साधारण ६ तासांत ऑपरेशन झालेले आणि साधारण २४ तासांत झालेले, अशी तुलना होती. मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही: ९ टक्के आणि १० टक्के. पण लवकर ऑपरेशन झालेल्यांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. हे नीट वाचावे. काही तास इकडे-तिकडे झाल्याने घाबरू नका. "आठवडाभर बघू, मग ठरवू" याला मात्र यातून आधार मिळत नाही. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वे दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करा आणि त्यानंतरच्या दिवशी रुग्णाला उभे करा, असे सांगतात.

आपल्याकडे सेवा म्हणजे सगळे अंथरुणात देणे. जेवण पलंगावर, पाणी हातात, बेडपॅनही तिथेच. यात माया असते, पण खुर्चीवर बसवून जेवू घालणे आणि आधाराने संडासापर्यंत नेणे ही जास्त मोठी सेवा आहे.

हालचाल म्हणजे वाट्टेल ते नव्हे

इथे एक धोका आहे. हा लेख वाचून कोणी मनानेच प्लास्टर कापू नये, की मोडलेला पाय हाडवैद्याकडे ओढून घेऊ नये. कोणत्या हाडावर केव्हा भार द्यायचा हे फ्रॅक्चरच्या प्रकारावर आणि बसवलेल्या आधारावर अवलंबून असते.

आणि प्रत्येक वेळी ऑपरेशनच लागते असेही नाही. ब्रिटनमध्ये खांद्याजवळच्या सरकलेल्या फ्रॅक्चरच्या २५० रुग्णांत, ऑपरेशन केलेले आणि फक्त झोळी बांधून पुढे व्यायाम दिलेले, यांच्यात दोन वर्षांनी फरक आढळला नाही (२०१५). घोट्याच्या ऑपरेशननंतर भार केव्हा द्यावा, यावर २०२४ मध्ये ५६१ रुग्णांचा अभ्यास आला. दोन आठवड्यांनी चालू लागलेले सहा आठवडे थांबलेल्यांच्या तुलनेत मागे पडले नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी "किती दिवस झोपायचं?" ऐवजी आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांना हे प्रश्न विचारा:

१. या पायावर (किंवा हातावर) भार द्यायचा का? किती आणि केव्हापासून?
२. कोणते सांधे आजपासून हलवायचे आणि कोणते हलवायचे नाहीत?
३. बसायचे आणि वॉकर घेऊन उभे राहायचे कधीपासून? फिजिओथेरपिस्ट केव्हा येतील?
४. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध लागेल का?
५. वेदना कमी ठेवायला काय द्यायचे? वेदना असेल तर कोणीच हलणार नाही.
६. हाडे ठिसूळ झाली आहेत का, त्यावर उपचार हवेत का?

आणि पायाच्या पोटरीत एकाएकी सूज किंवा दुखणे, धाप लागणे, छातीत दुखणे, ताप, किंवा प्लास्टरखाली वाढत जाणारी वेदना व बधिरपणा, यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.