संगीतसूर्य केशवराव भोसले : शारदेपासून धैर्यधरापर्यंत

कोल्हापूर : ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना अनेकांनी मोबाईलवर पाहिलं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचं नाव त्या नाट्यगृहाला आहे त्यांची जयंती होती. जयंतीची तयारी तशीच राहिली आणि लोक जळक्या भिंतींपुढे रडत उभे होते. पण हे केशवराव नेमके कोण, असं नव्या पोरांना विचारलं तर बरेच जण गप्प बसतात.

केशवरावांचा जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. वडील लवकर गेले, घरात गरिबी. शाळेचं तोंड फारसं पाहायला मिळालं नाही. गळा मात्र असा की लहान वयातच त्यांना स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत घेतलं गेलं. त्या काळी बायका रंगभूमीवर नसायच्या, पुरुषच लुगडं नेसून बाईचं काम करायचे. देवलांच्या 'शारदा' नाटकात म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या पोरीची गोष्ट आहे. ती शारदा या पोरानं केली आणि नाव गावोगाव झालं.

संगीत नाटकाचा नट म्हणजे काय, हे आज समजून सांगावं लागतं. माईक नाही. मागून लावलेलं रेकॉर्डिंग नाही. नट स्वतः उभा राहून गाणार, साथीला ऑर्गन, तबला, सारंगी. नाटक रात्री सुरू झालं की पहाटेपर्यंत चालायचं. लोकांनी 'वन्स मोअर' म्हटलं की तेच पद पुन्हा, आणि पुन्हा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द ऐकू गेला पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी तिकीट काढणार नाही. असा गळा रोज राबवायचा म्हणजे बैलाला रोज नांगराला जुंपण्यासारखं. केशवरावांचा आवाज चढा, धारदार आणि तान वेगाची. रामकृष्णबुवा वझ्यांकडून त्यांनी गाण्याची तालीम घेतली.

वय जेमतेम सतरा-अठरा असताना, १९०८ साली, त्यांनी हुबळीत स्वतःची कंपनी काढली : ललितकलादर्श. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यातच होती, मराठी कंपन्यांचं तिकडं नेहमी जाणं-येणं असे. म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात हा माणूस मालक, मुख्य नट आणि गवई असं तिन्ही झाला. पन्नास-शंभर माणसांचं बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरायचं आणि गल्ला कमी पडला तरी सगळ्यांच्या ताटात भाकरी घालायची, हे काम टाळ्यांपेक्षा अवघड. त्यांनी खर्चात हात आखडला नाही. मखमली पडदा आणि खरे वाटतील असे देखावे ललितकलादर्शनं लोकांना दाखवले.

१९१३ च्या 'राक्षसी महत्वाकांक्षा' नाटकात ते अजून बाईच्याच भूमिकेत, मृणालिनी. पुढं मामा वरेरकरांची नाटकं कंपनीनं घेतली. 'हाच मुलाचा बाप' (१९१७) हे हुंड्यावर होतं. नाटक कंपनीनं देव-राजे सोडून घरातला प्रश्न मांडणं तेव्हा सोपं नव्हतं, आणि हुंड्याचा प्रश्न आजही आपल्या गावात संपलेला नाही.

राजर्षी शाहू महाराजांचा त्यांच्यावर जीव होता. महाराजांनी १९१५ साली बांधून पूर्ण केलेलं पॅलेस थिएटर तेच, जे पुढं केशवरावांच्या नावानं ओळखलं गेलं. शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानात महाराजांनी त्यांच्याकडून उघड्यावर नाटकही करवून घेतलं. हजारो माणसांपुढे, विना माईक. जिथं पैलवानांची झोंबी व्हायची तिथं एका गळ्यानं मैदान धरलं.

तेव्हा मुंबई-पुण्यात बालगंधर्वांचा जमाना. एकाचा गोडवा, दुसऱ्याचा जोर. दोघांच्या चाहत्यांत रंगायचं ते हमरीतुमरीवर. हे दोघे एकाच रंगमंचावर आले ते ८ जुलै १९२१ ला, मुंबईच्या बालीवाला थिएटरात. निमित्त टिळक स्वराज्य फंडाचं, नाटक खाडिलकरांचं 'मानापमान'. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. गोष्ट अशी, की श्रीमंताघरची भामिनी गरीब शूर सेनापतीला आधी तुच्छ लेखते. शारदेचं लुगडं नेसून सुरुवात केलेला गरिबाघरचा पोरगा त्या रात्री सेनापतीच्या वेषात बालगंधर्वांसमोर उभा होता. गाण्याची अशी जुगलबंदी झाली की 'संयुक्त मानापमान' हे नाव शंभर वर्षं टिकलं. लगेच 'सौभद्र' चाही संयुक्त प्रयोग झाला. (याच 'मानापमान' वर जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावे यांचा सिनेमा आला.)

दोन्ही कंपन्यांनी मिळून पुढं बरंच काही केलं असतं. पण तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, विषमज्वरानं केशवराव गेले. वय ३१. आज तोच ताप औषधानं बरा होतो.

कंपनी मात्र बुडाली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, त्यांच्यामागं मुलगा भालचंद्र पेंढारकर यांनी. १९६० चं 'पंडितराज जगन्नाथ' याच ललितकलादर्शचं. कोल्हापुरातलं जळालेलं नाट्यगृह पुन्हा उभारायचं काम सरकारनं हाती घेतलं आहे.