काळी, पांढरी आणि दसऱ्याचा पोतारा: घराच्या निगराणीचा इतिहास कसा शोधायचा?

संशोधनाचा विषय शोधताना आपलं लक्ष आधी मोठ्या घटनांकडे जातं. लढाई, चळवळ, दुष्काळ, एखादा कायदा. आज मात्र अशा एका कामाकडे बघूया, जे दरवर्षी होतं आणि म्हणूनच कुणी लिहून ठेवत नाही. पावसाळा सरला की भाद्रपद-आश्विनात घर पुन्हा राहण्याजोगं करायचं, ते काम. परभणी जिल्ह्यातल्या मातीच्या घरांचं उदाहरण घेऊ. माझ्या पीएचडीच्या कामाशी हा विषय जोडलेला आहे, आणि इतिहासाची साधनं कशी वाचायची हे यातून छान कळतं.

सुरुवात शब्दांपासून

गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या काठची जमीन काळी, कापसाची. गावात शिरलं की मातीचा रंग बदलतो. म्हणून मराठीत शेतजमिनीला 'काळी' आणि गावाच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात. जुन्या मराठी कागदांत ही जोडी भेटते. मोल्सवर्थच्या शब्दकोशात आणि त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या पुस्तकातही ती सापडेल.

पण गावठाणाची माती पांढरी का? कारण ती माणसांनी केलेली आहे. पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, हाडं, चुना हे सगळं शेकडो वर्षं एकावर एक साचत गेलं की जमीन उंचावते आणि तिचा रंग उतरतो. पुरातत्त्वाचे अभ्यासक सर्वेक्षणात नेमकी अशी पांढरीची टेकाडं शोधतात, कारण त्यांच्या पोटात जुनी वस्ती असते. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर, असंच आहे. तिथे सापडलेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केल्या आणि त्यांच्या नावाचं संग्रहालय आज गावात उभं आहे.

आता गंमत बघा. भिंती पोतारायला लागणारी माती हीच. दसऱ्याआधी घरातल्या बाया टोपल्या घेऊन जायच्या, पांढरी माती खणून आणायच्या, भिजवायच्या आणि फडक्याने भिंतींना पोतारा द्यायच्या. जमीन शेणाने सारवायची, उंबऱ्याला आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्याला गेरू. म्हणजे जुन्या घरांच्या मातीने नवं घर उजळायचं. त्या खणण्यात गावाचा इतिहास थोडाथोडा संपतही होता. खत म्हणून हीच माती गाड्या भरभरून शेतात गेली, तेव्हा तर जास्तच.

हे काम करायचं कोणी, आणि कधी?

घट बसायच्या आधी गोधड्या, वाकळा, सगळं धुणं नदीवर. मग पोतारा. मग शेतातली काळी माती घरात आणून तिच्यात धान्य पेरायचं आणि घट बसवायचा. पांढऱ्या घरात काळीला बोलावण्याचे हे नऊ दिवस. दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी, कार्तिकात तुळशीचं लग्न, त्यासाठी वृंदावनाची डागडुजी आणि परसातल्या वेलांची निगा.

हेच दिवस शेतातल्या घाईचे. आज सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी आणि रब्बी ज्वारी-हरभऱ्याची पेरणी याच आठवड्यांत एकमेकांवर येतात. पिकं बदलली, पण सुगी आणि पेरणी एकत्र येण्याचं गणित जुनंच आहे. त्यामुळे 'सणाची हौस' असं म्हणून हा विषय सोडू नका. एकाच बाईच्या दिवसात शेत, स्वयंपाक आणि भिंती कशा बसत होत्या, हा श्रमाच्या इतिहासाचा प्रश्न आहे.

'परंपरा' शब्दाला तारीख विचारा

दसऱ्याचं तोरण झेंडूचं. 'हजारो वर्षांची परंपरा' असं वाक्य तुम्हाला सहज मिळेल. पण झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, आणि आपल्याकडे तो पोर्तुगीज आल्यानंतरच पोचला. तिकडे मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या सणाला हीच फुलं वाहतात. आपट्याचं झाड इथलं, तोरणातलं फूल मात्र समुद्रापलीकडचं. सण खोटा ठरत नाही यामुळे. एवढंच कळतं की सजावटीलाही इतिहास असतो, आणि तिच्यातल्या प्रत्येक वस्तूचं वय वेगळं असतं.

दप्तरात काय मिळेल?

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे सरकारी कागद फारसीत आणि नंतर उर्दूत, आणि तारखा फसली सनाच्या. हैदराबादचं फसली वर्ष आजुर महिन्यापासून, साधारण ६ ऑक्टोबरला सुरू व्हायचं. त्यात ५९० मिळवले की वर्ष ज्या इसवी सनात सुरू झालं तो मिळतो: १३३१ फसली म्हणजे १९२१-२२. मुंबई इलाख्यातलं फसली वर्ष मात्र मृगाला, जूनमध्ये सुरू व्हायचं, तेव्हा दोन्हींची गल्लत करू नका.

या दप्तरात सारा मिळेल, पीक मिळेल. पोतारा मिळणार नाही. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या जनगणनेने भिंत कशाची, छप्पर कशाचं हे विचारलं. २००१ आणि २०११ च्या जनगणनेत घराची अवस्थाही आली: चांगलं, राहण्याजोगं, मोडकळीला आलेलं. पण मातीचं घर 'चांगलं' ठेवायला दरवर्षी किती हात राबले, हा रकाना कुठेच नाही. 'कच्चं घर' हा शब्द त्या श्रमाला झाकून टाकतो.

माळवद आणि किल्लारी

म्हणून जुन्या घराचं नुसतं कौतुक करायचं का? थांबा. मराठवाड्यातलं ऐपतदार घर माळवदाचं. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काटक्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा, पण पावसात गळायचं. उपाय एकच: दरवर्षी वर आणखी माती टाकायची. पावसानंतर छतावर उगवलेलं गवत काढायचं, भेगा लिंपायच्या. अशी वर्षानुवर्षांची निगराणी छतावर साचत गेली.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेत गेली, आणि त्यातली बहुतेक दगडी भिंती आणि मातीचं जड छत अंगावर पडून. ज्या निगराणीने घर टिकवलं, तिनेच त्याचं वजन वाढवलं होतं. तुराट्यांच्या कुडाची, हलक्या छपराची गरिबाची घरं त्या मानाने कमी घातक ठरली. त्यानंतर माळवदावरचा विश्वास उडाला. पत्रा आणि स्लॅब आधीपासून येत होतेच, आता ते वेगाने आले. पोताऱ्याची जागा डिस्टेंपरने घेतली आणि काम घरातल्या बाईकडून रंगाऱ्याकडे गेलं.

तुम्ही काय करू शकता?

ज्यांनी स्वतः भिंती पोतारल्या त्या बाया आज सत्तरीच्या आसपास आहेत. हे साधन कुठल्याही अभिलेखागारापेक्षा लवकर संपणार आहे. दिवाळीला गावी गेलात तर विचारा. 'पूर्वी कसं होतं?' असं मोघम विचारू नका, त्याचं उत्तर 'लई चांगलं होतं' असंच येतं. नेमकं विचारा:

– माती कुठल्या जागेवरून आणायची? आज तिथे काय आहे?
– ती खणायची मुभा सगळ्यांना होती का? गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायांना कुठली माती मिळायची?
– किती टोपल्या, किती दिवस, सोबत कोण? मजुरी कुणाला मिळायची आणि कशात?
– माळवदावर माती कोण चढवायचं? ती कधी उतरवली का?
– शेवटचा पोतारा कुठल्या वर्षी दिला, आणि का थांबवला?

वर्ष आठवत नसेल तर ७२चा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, घरातलं लग्न अशा खुणा धरून विचारा. बोलणाऱ्याची परवानगी घ्या, तारीख लिहा, शब्द तिचेच ठेवा. मग टेकाडाकडे एक चक्कर मारा आणि कापलेल्या कडेचे फोटो काढा. खापरं दिसली तर उचलू नका, जागा टिपून ठेवा. मुलाखतीत सांगितलेली जागा आणि समोरचा खड्डा जुळला, तर तुमच्याकडे दोन वेगळ्या प्रकारची साधनं एकाच गोष्टीची साक्ष देतायत. संशोधनाला एवढी सुरुवात पुरते.